शिडी

मासे धरायला शिडी कशाला लागते?
वकिलांचा प्रश्न मी सोमालीत नेला.
अवाले खिडकीकडे बघत राहिला;
व्हिक्टोरिया बंदरात ट्यूना उतरत होता.

रोडेलियो, खलाशी, साक्षीला मनिलाहून:
कठड्याला आकडा लागला तो खण्ण आवाज.
अजून घरी डाव पडला
की मी टेबलाखाली असतो.

मग कलम वाचलं गेलं,
खुला दर्या कुणाचाच नाही
म्हणून तिथला चोर सगळ्यांचा.

वय?
उंट मेले त्या सालचा.
कारकुनाने रकाना कोरा सोडला.

पुरावा सात. अ‍ॅल्युमिनियम, नऊ पायऱ्या,
एकीला निळी चिंधी.

बेड्या घालताना तो पुटपुटला,
मामाची आहे ती, छपराला लावायची.
पावसाआधी परत देतील?

न्यायाधीश केव्हाच उठले होते.
मी माईक बंद केला.