उतार

नेरिसनं सलूनला कुलूप घातलं, मुलीकडे कार्डिफला गेली,
त्याला झाले सात महिने.
माझे केसही सात महिन्यांचे.

दुसरं सलून पोर्थमाडॉगला. बस दोन तासांनी एक,
आणि तिथली पोरगी डोकं असं धरते
जसं काही खरकटं पातेलं.

म्हणून मी इड्वालला म्हणाले, तूच काप.
तो म्हणाला, मी छपरं करतो.
मग? म्हटलं, मागे आखूड, पुढे लांब,
मानेपासून हनुवटीपर्यंत एक तिरकी धार.
जन्मभर उतारच तर काढलेस.

त्यानं चहा संपवला. पेन्सिल कानावर खोचली.
केसांना पेन्सिल कशाला, हे मी विचारलं नाही.
आदल्या रात्री मात्र
माझी शिवणाची कात्री धार लावणाऱ्या दगडावर
तासभर कुरकुरत होती.

खिडकीपाशी स्टूल. खाली ताडपत्री,
हार्लेकच्या शाळेचं छप्पर उघडं असताना
तीन हिवाळे वारा खाल्लेली.
ओल्या केसांचे चार वाटे,
वर दोरीवरचे लाकडी चिमटे.

मान खाली घाल, म्हणाला.
अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच.
मीही घातली, मुकाट्यानं.
तसा प्रसंग पुन्हा येणार नाही, हे त्यालाही ठाऊक.

खालची ओळ आधी, तो सांगत होता,
मला की स्वतःला, कोण जाणे.
तिच्यावर दुसरी, मग तिच्यावर तिसरी,
वरचीनं खालचीची कड झाकायची.
ईन, दाय, त्री…
तो मोजतो तेव्हा अजून शिडीवरच असतो.

छपराच्या स्लेटच्या मापांना बायकांची नावं आहेत,
डचेस, काउंटेस, लेडी.
तू आत्ता काउंटेस आहेस, म्हणाला,
लेडीवर आणतो.
मी हसले, तर डोकं हलवू नकोस म्हणून ओरडला.

खिडकीतून दिसत होते
खाणीनं ओकून टाकलेले दगडांचे डोंगर, ओले, जांभळट.
ह्याच दगडाच्या पाट्या कुठल्या कुठल्या देशांत गेल्या,
पोरांनी त्यांवर अक्षरं गिरवली,
थुंकी लावून पुसली.
केस पुसून पुन्हा लिहिता येत नाहीत,
एवढंच मनात आलं,
आणि तेवढ्यात तो म्हणाला, अरेरे.

डावी बाजू उतरली होती.
मग उजवी थोडी. मग डावी जराशी.
डगमगत्या टेबलाचे पाय कापत कापत
शेवटी पाट उरतो, त्या वाटेनं आम्ही निघालो होतो.

तो थांबला.
दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला,
माझ्या कानाशी धरला, आधी इकडे, मग तिकडे.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, केस बरोबर आहेत.
तुझा डावा कान खाली आहे.

एकसष्टाव्या वर्षी हे कळावं!
आईनं सांगितलं नाही, फोटोवाल्यानं नाही,
आरशानं तर नाहीच.
असू दे, म्हणाला, जुन्या घरांना ओळंबा लावायचा नसतो.
दोरा खिशात टाकला,
दोन पावलं मागे सरकला, एक डोळा मिटला,
आणि उरलेलं सगळं
नुसत्या नजरेनं जुळवलं.

शेवटी मानेवरचे बारीक केस उडवायला
त्यानं फुंकर घातली.
पहिली पोचली. दुसरी अर्ध्यातच संपली.
स्लेटची धूळ छातीत कुठवर चढलीय
ते डॉक्टरांच्या फोटोत दिसतं,
मला तिथे, मानेवर कळलं.
तिसरीची वाट न बघता मी टॉवेल झटकला,
म्हटलं, भूक लागली.

को-ऑपमधल्या कॅटरिननं विचारलं, कुठे कापलेस?
ओळखीचा माणूस आहे, म्हटलं, छपरं करतो.
तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

काल रात्री दोन आरसे समोरासमोर धरून
मी पहिल्यांदा मागचं पाहिलं.
केसांच्या कडेखाली, कातडीवर,
पेन्सिलची एक पुसट रेघ,
ह्या कानाकडून त्या कानाकडे,
जराशी डावीकडे झुकलेली.