अठ्ठावीस दिवसांचा महिना

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत
पगाराचा महिना तीस दिवसांचा,
कधी एकतीस,
आणि हातात पडेपर्यंत सदतीस.
डेटाचा महिना मात्र अठ्ठावीस.
वर्षात तेरा महिने असतात
हे मला खानापूरच्या ईरण्णानं शिकवलं,
काचेखालच्या तक्त्यावर बोट ठेवून:
दिवसाला दीड जीबी घ्या, अक्का,
मेलला तेवढं रग्गड झालं.

मेल.
सोळा वर्षं मी डिस्पॅचचं रजिस्टर लिहिलं,
निळ्या शाईत गाडी नंबर,
लाल शाईत वजनातली तूट.
नवे मॅनेजर म्हणाले, आता सगळं मेलवर,
आणि मेल प्रत्येकाच्या खिशात.
मला खिसा नाही.
पर्समध्ये डबा, रुमाल, पासची झेरॉक्स,
त्यातच आता ऑफिसही बसवायचं.

ईरण्णाचं दुकान म्हणजे स्टँडसमोर
दीड माणूस मावेल एवढी फट.
फोन हातात घेऊन त्यानं विचारलं,
भाषा कुठली ठेवू?
बोलायला कुठलीही चालते, मी म्हटलं,
चुका दिसायला मराठी ठेव.
हसला. स्वल्प ताळ्री, म्हणाला.
आमच्या 'जरा दम धर'पेक्षा
हे थांबणं मला मऊ वाटतं.

मग फोननं उलटतपासणी सुरू केली.
येणाऱ्या मेलचा सर्व्हर,
जाणाऱ्या मेलचा सर्व्हर,
पुढच्या दाराचा नंबर, मागच्या दाराचा नंबर.
आणि पत्ता. तो मी कागदावर आणला होता.
त्यात माझं हलगेकर
हलग्कर झालं होतं,
मधलं एक अक्षर कुणीतरी गिळलेलं.
नीट करू काय? ईरण्णानं विचारलं,
आणि स्वतःच मान हलवली:
नीट केलं तर लागायचं नाही.

म्हणजे चुकीच्या नावानंच आत शिरायचं.
त्यात काय नवं.
रेशनकार्डावर मी एक, मतदार यादीत दुसरी,
वीजबिलावर तर कन्नडात जाऊन
मराठीत परत आलेली तिसरीच बाई.
बिल तिघींनाही भरावं लागतं.

पासवर्ड घालताना
ईरण्णानं तोंड फिरवून रस्त्याकडं बघितलं.
जांबोटीची गाडी लागत होती,
ती त्यानं अगदी मन लावून बघितली.
आठ अक्षरं, एक आकडा, एक खूण.
काय ठेवला ते सांगणार नाही.
घरात तो शब्द
हल्ली कुणी उच्चारत नाही, एवढंच.

स्वतःलाच एक मेल धाडा, म्हणाला,
लिवा काय बी.
मी लिहिलं: पोचलीस काय?
चाक फिरत राहिलं.
मुंबईला गेलं, की बंगळूरला, की समुद्रापार,
ईरण्णालाही ठाऊक नव्हतं.
कुठल्या नाक्यावर कुणी अडवलं नाही.
मग काउंटरवर, गेलं होतं तिथंच,
फोन थरथरला.
पाठवणारी हलग्कर, मिळालेली हलग्कर.
आत नोड्री! ईरण्णा ओरडला,
आणि रिचार्जचे तेवढेच पैसे घेतले.

रविवारी बहिणीकडं गेले कणकुंबीला.
जांबोटी सुटली तशी एकेक काडी पडत गेली,
मग चढावर फोनला गोव्याचा टॉवर लागला
आणि न बोलावता स्वागताचा मेसेज आला.
पाठोपाठ मॅनेजर:
उद्या गाडी सहाला, चलन तयार ठेवा.
होय सर, लिहिलं.
तोवर गाडी वळली, गोवा गेला,
होय सर आउटबॉक्समध्येच बसून राहिलं,
माझ्या मांडीवर, डब्याशेजारी.

बहीण दारात उभी होती.
पोचलीस काय? म्हणाली,
कुठल्याही सर्व्हरशिवाय.

रात्री कुळथाचं पिठलं खाताना आठवलं,
आजचा दीड जीबी तसाच पडून आहे.
उरलेला उद्याला जोडून मिळत नाही,
विचारलं होतं मी.
बाराला तो संपेल, न वापरता,
आणि उद्याचा येईल.
सहाची गाडी आहे.
चलन हातानंच लिहीन म्हणते,
निळ्या शाईत,
आडनावासकट.