दहा किलोची पायरी

सावद्याच्या पुढे, रावेर रस्त्याला
भोळ्यांच्या वजनकाट्यावर मी रात्रपाळीला असतो.
साठ टनांचा काटा, दहा किलोची पायरी.
त्याच्या आतलं त्याला कळत नाही.
मांजर पट्टीवरून चालत गेलं तर आकडा हलत नाही.
एकदा एक बाई तान्ह्याला पट्टीवर ठेवून
टायरला टेकून चहा प्यायली.
शून्यच होतं.

मे महिना. दोनचा सुमार.
नूरखा तडवी केळीचा ट्रक घेऊन आला, दिल्लीचा माल.
रिकामी गाडी संध्याकाळीच तोलली होती:
नऊ हजार आठशे साठ.
इंजिन बंद करून तो खाली उतरला, बाजूला उभा राहिला.
ड्रायव्हरला केळीत धरायचं नाही, असा नियम आहे.
चोवीस हजार तीनशे ऐंशी.
पावती फाडणार, तेवढ्यात माल खोकला.

वर, केळीच्या पाल्यावर, गिलदार झोपला होता.
गाडीचा किन्नर. पालकडचा पावरा पोरगा,
अजून मिसरूड नाही.
उतर रे, म्हणालो.
उतरला. आकडा जरा थरथरला, बसला.
चोवीस हजार तीनशे चाळीस.
नूरखा म्हणाला, क्विंटलला अकराशे चाळीसचा भाव,
चारशे छप्पन रुपयांचा झाला तू, गिलदार.
दांड्यासकट.
पोरगा झोपेतच हसला.

आणि लाईट गेली.
सावदा गेलं. फैजपुराकडचा उजेड गेला.
कोल्ड स्टोरेजची घरघर इतकी अचानक थांबली
की कान दुखले.
इन्व्हर्टरवर तेवढा लाल आकडा राहिला,
आणि त्याच्या वर, आधीपासूनच असल्यासारखं,
आभाळ.

सातपुड्यावर म्हातारीची बाज कलली होती,
तिचे तीन चोर मागे, तसेच, अजून पोचलेले नाहीत.
बाकीच्यांची नावं मला येत नाहीत.
इतके होते की नावं ठेवणारा दमला असेल.
गिलदार मान वर करून म्हणाला,
काका, ह्यांचं किती भरंल?

मी बावीस वर्षं वजनं करतो.
भरलेल्यातून रिकामं वजा, उरतो तो माल.
एवढंच गणित, आणि ते कधी चुकलेलं नाही.
पण ह्यातून आपण किती, हे काढायचं
तर हे सगळं एकदा आपल्याशिवाय
पट्टीवर चढवावं लागेल.
आणि तेव्हा खिडकीत कोण बसेल,
आकडा कोण वाचेल,
पावतीवर सही कोणाची?
आणि फरक पडलाच, तर दहाच्या आतला.
काटा म्हणेल, शून्य.
काट्याची चूक नाही. त्याची पायरीच तेवढी.

हे मी गिलदारला सांगितलं नाही.
म्हणालो, काटा लहान आहे आपला.
त्याला पटलं.
तो हुडावर पाय देऊन पुन्हा वर चढला,
पाल्यात अंगाची जागा शोधली.
वजन झालं होतं, आता कोण विचारतो.
नूरखानं गाडी काढली.
चाळीस किलो, कुठल्याच पावतीवर नसलेले,
उताणे, उघड्या डोळ्यांनी
बऱ्हाणपूरच्या दिशेनं गेले.

लाल दिवा वळणाआड झाला तसा
मीच पट्टीवर जाऊन उभा राहिलो.
खिडकीच्या काचेत उलटा आकडा दिसत होता. साठ.
एक पाय उचलला. साठ.
श्वास रोखला. साठ.
लग्नाच्या वेळी बावन्न होतो.
बायको गेली त्या वर्षी बघितलं नव्हतं.

आत येऊन एक कोरी पावती घेतली.
भरलेली: गिलदार, चाळीस.
रिकामी: जागा सोडली.
बाकीच्या पावत्यांबरोबर खिळ्याला टोचून ठेवली.
महिनाअखेर हिशेबाला बसल्यावर
भोळे शेठ चष्मा कपाळावर चढवून विचारतील,
ही कुठली गाडी रे?
सांगेन, भरलेली गेली.
रिकामी व्हायची आहे अजून.