पलीकडची रेघ

रविवार, सकाळचे सात. परळचं मैदान,
चुन्याची रेघ अजून ओली.
आत बारा वर्षांखालची पोरं, बाहेर आम्ही बाप :
हातात कटिंग, नरड्यात आवाज.

रेफरी म्हणजे वसईची एक पोरगी, असेल एकोणीसची.
तन्मेशला पाडलं नि शिट्टी नाही,
तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.
तिने घड्याळ पाहिलं फक्त.
कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल.

सोमवार ते शनिवार मी बसचा कंडक्टर.
सुट्ट्या पैशांवरून आईबहीण ऐकतो,
दोरी ओढतो, पुढे सरकतो.
मला तरी ठाऊक असायला हवं होतं.

हाफटाइमला परेरा सरांना विचारलं,
पोरगा आधी डावीकडे खेळतो, मग उजवीकडे,
हे काय नवीन?
सर लेस बांधत राहिले.
"त्यानेच मागून घेतलंय. मोसमभर."

मी मनात मैदान फिरवून पाहिलं.
गोल बदलले, बाजू बदलल्या,
तो दर वेळी पलीकडच्या रेघेवर,
माझ्यापासून जमेल तितका लांब.

मग आमच्यावर पेनल्टी.
चूक होती, आजही म्हणेन.
सगळे बाप माझ्याकडे वळले,
सुरुवात नेहमी मीच करतो ना.

चहा गार झाला होता. तो प्यायलो.

पलीकडे तन्मेश इकडे बघत उभा,
खांदे कानांपर्यंत ओढून.
बऱ्याच वेळाने एक खाली आला.
दुसरा अजून नाही.