गणपूर्ती

वही तिसरी. पान एकशे चौदा.
पहिली वही वाळवीनं वाचून काढली,
दुसरी मुळगुंदांच्या सुनेनं रद्दीत घातली,
चुकून, म्हणाली.

मराठी समाज, दाणाओळी, लष्कर, ग्वाल्हेर.
सुरुवातीची नोंद मला तोंडपाठ आहे,
टेंबेमास्तर दर वार्षिक सभेला म्हणून दाखवायचे:
सतरंज्या चार. गॅसबत्ती एक. पेटी (उसनी).
पलटणीमागून आलेली माणसं आपण, सांगायचे,
तंबू मोडायचे राहिले, म्हणून गाव झालं.

मग पानांमागून पानं.
स्त्रीपार्ट स्त्रीनंच करावा, ठराव एका मताने मंजूर;
ते मत कुणाचं, यावरून दोन घरं अजून बोलत नाहीत.
नळ आला, त्याची पूजा. नळ आटला, त्याचा अर्ज.
धुक्यात पंजाब मेल अडकली तेव्हा
अख्खं वऱ्हाड तीन रात्री इथं स्टेजवर झोपलं
पडद्यावरचा राजवाडा पांघरून.
गिरणी बंद पडली त्या साली वर्गणी माफ,
गणपती वीतभर लहान,
प्रसादाला नुसता गूळ.

पुढं शाई जाऊन बॉलपेन येतं
आणि ‘हजर’खालच्या सह्या विरळ होत जातात,
‘येऊ शकत नसल्याचे कळविले’ ही यादी लांबते:
पुणे, पुणे, बंगळूर, पुणे, टोरांटो.

आज पौषातली संध्याकाळ, गल्लीतल्या शेकोटीचा धूर आत येतोय.
हजर: मी. चिटणीस. वसुंधरा शिंत्रे.
नियम सात: गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब,
नंतर त्याच जागी. मग गणपूर्तीची अट नाही.
चांगला नियम.
ज्यानं लिहिला त्याला दिसलं असणार काहीतरी.

रामलखन कुशवाह चहा ठेवतो.
मूळचा भिंडचा. एकोणतीस वर्षं इथल्या सतरंज्या झटकतोय.
“बाई, मागल्या खेपेचं लाइटबिल वाचायचं राहिलं की.”
माझ्या नातीला ‘खेप’ समजावून सांगावी लागली असती.

नियम दोन: सभासद मराठी भाषिक असावा.
लिहिते: श्री. रामलखन कुशवाह यांना
सभासद करून घ्यावे.
सूचक, मी.
अनुमोदक—
इथं पेन थांबतं.

“कोण पाहिजे?” तो विचारतो, बशी पुसत.
“दुसरं माणूस.”
“ते येईल.”
घड्याळात अजून अकरा मिनिटं आहेत.
तो सतरंजी उलगडतो. मग दुसरी.
चारही.