दोन्ही पेले

प्रत्येक बाकावर प्लास्टिकचे तीन पेले,
कुठल्याशा सहलीतून उरलेले.
हिरवा वर म्हणजे कळलं,
पिवळा म्हणजे अर्धंमुर्धं,
लाल म्हणजे मिस, थांबा.
बावीस वर्षं फळ्याकडे तोंड करून शिकवल्यावर
एका शनिवारच्या प्रशिक्षणात मला समजलं
की थांबा म्हणायला मुलांना रंग लागतो.

पहिल्या दिवशी अख्खा वर्ग हिरवागार.
बाहेर फ्रेझरबर्गच्या बंदरावर धुकं चढत होतं,
आत अपूर्णांकांचा भागाकार.
मी विचारलं, दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?
हिरवे पेले एकमेकांकडे बघत बसले.

मग चिठ्ठ्या. घंटा झाली की दाराला चिकटवायची,
आज काय अडलं ते, एका ओळीत, नाव नको.
'छान शिकवता.' हे फिनलेचं, अक्षर ओळखते मी,
त्याला फुटबॉलची घाई.
'उदाहरण चार कळलं नाही
पण तोवर तुम्ही सहावर होतात.'
राम्युनेनं, जिची आई मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी करते,
एक लिथुआनियन शब्द लिहून खोडला होता
आणि खाली चित्र काढलं होतं:
मी, फळा, माझ्या तोंडातून निघालेले बारीक बाण,
सगळेच्या सगळे खिडकीच्या बाजूला.

त्या रात्री सूप गार होईपर्यंत बघत बसले.
किती वह्यांवर मी लिहिलं असेल,
लक्ष दे. प्रयत्न वाढव. बरं.
माझं लक्ष कुठे असतं
हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं,
मला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी हीटरच्या बाजूला उभी राहिले
आणि माझ्या टेबलावरही एक पेला ठेवला, पिवळा.
मुलं हसली. मग हसायची थांबली.

मे महिना. उजळणी.
जुन्या चाचण्या परत दिल्या, गुण न लिहिता,
सोबत एकेक हिरवी पेन्सिल:
चूक कुठे सुरू झाली ते शोधा.
चूक उत्तरात क्वचितच असते,
ती वरच्या ओळीत लपलेली असते,
विसरलेल्या हातच्याच्या आडोशाला,
आणि सापडली की मूल आधी स्वतःलाच शिवी देतं,
मग जरा खूश होतं.

ब्रोडी नोबलनं दोन पेले वर ठेवले होते.
लाल आणि हिरवा.
ब्रोडी, एकच निवड, मी म्हणाले,
आवाज थोडा चढलाच.
तो म्हणाला, मिस, रात्री धक्क्यावर उभं राहून
बोटीचा एकच दिवा दिसला
तर ती बाजूने चाललीय, दुसऱ्याच कुठेतरी.
दोन्ही दिसले
तर ती सरळ आपल्याकडे येतेय.

लाल त्याच्या डाव्या हाताला, हिरवा उजव्या,
बापाच्या बोटीवर असतात तसेच.
अपूर्णांकांत गडबडणारा हा मुलगा
इथे इंचभरही चुकला नव्हता.

मग येतोयस तर?
येतोय मिस. अजून भरती लागायचीय.

प्रशिक्षणातल्या तक्त्यात याला रकाना नाही.
शुक्रवारी पेले धुवायला घेतले,
माझ्या पिवळ्याखाली चिठ्ठी निघाली:
'चार जमलं. सातचं काय?'
मुलं गेली होती. सात मी फळ्यावर सोडवलं,
दरवर्षी सोडवते तसंच, खडू न उचलता.
मग हिरवी पेन्सिल घेऊन रिकाम्या वर्गात
शेवटच्या बाकावर जाऊन बसले.
तिथून दिसलं,
दुसऱ्या ओळीनंतर एकदम चौथी.
तिसरी मी मनातच करत आले होते,
बावीस वर्षं.