दर पानी अठरा लेव्हा

प्लोवदिवमधल्या या दुसऱ्या मजल्यावर
मी, शपथ घेतलेली भाषांतरकार.
दर पानी अठरा लेव्हा. शिक्क्याचे वेगळे.

या खेपेचा गठ्ठा डुलुथहून आलेला:
ऑर्विल थोर्सन, पाथरवट; लेनोर, त्याची बायको.
लग्नाचा दाखला, बँकेतली शिल्लक,
कुत्र्याला टोचलेल्या लशी,
घराला खिडक्या किती, त्यांतल्या नीट लागतात किती.
एवढं तर मी लग्नाआधी
माझ्या नवऱ्यालाही विचारलं नव्हतं.

बोटांचे ठसे दोनदा परत आले.
मग पोलिसप्रमुखाचं पत्र:
‘सत्तावीस वर्षं दगड घडवून
अर्जदाराच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत.’
हे वाक्य मी तीनदा खोडलं.
आमच्या भाषेत ते उगाच कवितेसारखं व्हायला लागलं,
आणि कविता वकिलातीत चालत नाही.

उलट दिशेनं जाणारे कागद मोजकेच.
झ्लातिना. वजन अकरा किलो,
तेही मार्चमधलं; आता ऑक्टोबर संपत आला.
वडील: अज्ञात.
जवळजवळ कोरंच पान. त्याचेही अठराच घेतले.

काल तिघंही आली.
व्हिसाच्या मुलाखतीआधी एक सही राहिली होती.
ती त्याच्या मांडीवर, तोंडभर जर्दाळूचा मुरंबा.
मी शिक्का उचलायच्या आत
तिनं पानावर पंजा ठेवला.
पाचही बोटं. रेष न् रेष.

नियमानं पान नव्यानं करायला हवं होतं.
मी ते खिडकीत वाळत ठेवलं.
मुरंबा लवकर वाळत नाही.